कडेलोटाच्या अलीकडे

साखरेनं आत्याची नजर गेली, तसं तिच्या मुलानं तिला मैंदर्गीहून सोलापुरात आमच्याकडं आणून सोडलं. तिची सगळी उस्तवार काकूवर आली. दोघींचं कधीच पटलं नव्हतं. तरी दुपारी ज्वारी निवडताना काकू तिला जुन्या दंतकथा सांगायची.

काकू वाचणारी बाई. वाचलेलं ती असं सांगायची, की मी कॉलेज बुडवून घरी थांबायचे.

त्यातली एक कथा आत्याच्या जिवाला लागली. किल्लेदाराची मुलगी आणि त्याच्या वैऱ्याचा मुलगा एकाच घटकेला जन्मले. एका जोगिणीनं दोघांचे जीव एकमेकांत गुंतवले; एकाला मार बसला, की वळ दुसऱ्याच्या अंगावर. पुढं तो मुलगा किल्लेदाराच्या हाती सापडला. खाली त्याच्यावर कोरडे पडत होते आणि वर महालात, हळद लावणाऱ्या बायकांच्या बोटांखाली नवरी झालेल्या मुलीच्या पाठीवर वळ उठत होते. इथं काकूचा आवाज अगदी खाली यायचा. आत्या पाठ ताठ करून बसायची.

कडेलोटाचा हुकूम सुटला. मुलाला कड्यावर आणलं. आणि काकू सूप झटकून उठली.

"पुढं?" आत्यानं विचारलं.

"पुढचं मला ठाऊक न्हाय, वन्सं. लग्न होऊन आले तवा हितवरच वाचलं होतं. मग तुमी ते पुस्तक बंबात घातलं."

"तवा मी लहान होते की गं, वैनी."

"मीबी लहानच होते."

त्यानंतर काकू तीच कथा पुन्हा पुन्हा सांगू लागली. दर खेपेला जास्त रंगवून, दर खेपेला कड्यापर्यंतच. आत्या हात जोडायची. काकू चहा टाकायला जायची.

मला बघवेना. मी वाचनालयातून ते पुस्तक आणलं आणि आत्याला शेवट वाचून दाखवू लागले. चार ओळी झाल्या असतील, तिनं माझा हात धरला.

"ऱ्हाऊ दे. हे ते न्हाय. मला तिच्या तोंडून ऐकायचंय."

काकू दारातच उभी होती. "मग बसा वाट बघत," ती म्हणाली.

आत्या वाट बघतच गेली.

तेराव्याचे पाहुणे पांगल्यावर, आत्याच्या लुगड्यांच्या घड्या घालताना काकूनं आपण होऊन शेवट सांगितला. मुलगी हळदीच्या अंगानं कड्यावर आली आणि बापाला म्हणाली, ढकला, पण आधी माझ्या पाठीवरनं हात फिरवा. बापानं हात फिरवला. वळ हाताला लागले. त्याला सगळं कळलं. खाली फौज बघत होती, दिलेला हुकूम मागं घ्यायची त्याला लाज वाटली. त्यानं मुलाला ढकललं. किंकाळी एकच ऐकू आली.

पुस्तकात बाप मुलाला सोडतो. मला काकूचाच शेवट खरा वाटला. माझे डोळे भरून आले.

"कशी झाली?" काकूनं विचारलं.

"लई छान."

"त्यांना आवडली असती," ती म्हणाली आणि पुढचं लुगडं उचललं.