चाचांची तिसरी तार

वाघाला न भिणारा एकच माणूस मी आमच्या झाडीपट्टीत पाहिला आहे, आणि तोच माणूस दोन तारांची केबल दिसली की दचकून खाटेवर चढतो. वडशात नाटक कंपन्यांच्या पाट्या लागतात त्या गल्लीच्या टोकाला या वायरवाल्या चाचांचं दुकान आहे. पुढं दुकान, मागं घर, मधे एक पडदा. मी नाटकात राजा होतो आणि गातो. माझं गाणं शेवटच्या रांगेतल्या म्हातारीला ऐकू जातं ते माझ्या गळ्यामुळं नव्हे, चाचांनी केबलला दिलेल्या कथलाच्या डागामुळं, असं चाचांचं मत आहे. दुर्दैवानं त्या म्हातारीचंही तेच मत आहे.

चाचांचं सारं शहाणपण तीन तारांत मावतं. गिऱ्हाईक बसलं न बसलं की सुरू होतात. "पाहा भाऊ, एक तार जमिनीची, थे गुमान पडून राह्यते. बाकीच्या दोघी एकच निरोप घेऊन निंगतात. एक सीधा सांगते, एक उलटा. रस्त्यात जनरेटरची गडबड दोघीवर सारखीच पडते. मुक्कामाले उलटीले सीधी केली का निरोप होते डबल, अन् गडबड आपसात कटून खल्लास!" आणि दोन तारांची केबल? "थिच्यात जमिनीच्या तारेलेच निरोप वाहाले लावतात जी! रस्त्यातली सारी घाण उचलून आनते." तारेचं साल ते दातांनी सोलतात. तोंडात दोनच दात उरलेत, पण ते बरोब्बर समोरासमोर असल्यामुळं बाजारातली कुठलीही पक्कड त्यांच्यापुढं झक मारते. एटापल्लीच्या एका कार्यक्रमात कर्ण्यातून घूं ऐकू आली, तर चाचा तिच्या शोधात वायरीमागं वायर धरून थेट जंगलात शिरले. वाटेत वाघ बसलेला. "सरक बे, घूं कुठून येऊन राह्यली पाहू दे," म्हणताच वाघ सरकला. ही गोष्ट मला खुद्द चाचांनी सांगितली, त्यामुळं ती खरीच आहे. वाघ तेवढा मी घातला.

अशा माणसाच्या घरातच घूं करणारा भुंगा निघावा! तीस वर्षं चाची पडद्याआडून ओरडत आल्या आहेत, "अजी, भुंगा वाजून राह्यला!" चाचांनी रेडिओ उघडला. पंखा उघडला. फ्रिजला वेगळी जमीन दिली, दारावरच्या घंटीला तिसरी तार जोडली, एकदा तर शिलाई मशीन खोललं, जे पायांनी चालतं. भुंगा कायम. त्यामुळं नवऱ्याच्या माईकवरचं एकही नाटक चाचींनी पाहिलं नव्हतं. "घरी एक भुंगा पुरे हाये. तिथी मैदानभर मोठा भुंगा कायले ऐकू?" यावर मैदानं गाजवणारे चाचा मान खाली घालत. चाचींनी एकदा, फक्त एकदा यावं आणि भुंग्याविना नाटक ऐकावं, एवढीच त्यांची आयुष्याची इच्छा उरली होती.

यंदा त्या कबूल झाल्या. दिवाळीनंतर गावोगाव मंडईची जत्रा भरते, तशी शेजारच्या गावात भरली होती आणि भरदुपारी आमचा खेळ होता. चाची पहिल्या खुर्चीवर पानाचा डबा घेऊन बसल्या. नेमकं त्या दिवशी आमचं आवाजाचं जुनं मशीन जळालं, आणि मी कुणाचं तरी गाणी वाजवायचं मशीन उसनं आणलं. मदतीच्या भरात चाचांची तीन तारांची केबल मीच त्याच्या भोकात खुपसली. पडदा वर गेला. मी छाती फुगवून तान घेतली आणि कर्ण्यातून निघालं नुसतं घूंऽऽऽ! गाण्याचं एक अक्षर नाही. लोक म्हणाले, राजाच्या पोटात मधमाश्या गेल्या.

चाचा विंगेतून धावत आले. "अरे बाबू, हे भोक दोन कानाच्या, स्टिरिओ गान्याचं हाये! हे उलटीले सीधी करत नाई, तशीच मिसळून टाकते. आवाज खल्लास, गडबड डबल!" त्यांचाच मंत्र उलटा फिरला होता. तीन तारांचं भोक त्या मशीनला नव्हतंच. चाचांनी एकदा चाचींकडं पाहिलं, डोळे मिटले, केबल दातात धरून सोलली आणि उलटी तार जमिनीच्या तारेशी बांधून टाकली. म्हणजे स्वतःच्या हातांनी दोन तारांची केबल केली! मग घाण उचलली जाऊ नये म्हणून जवळचं दिव्यांचं तोरण, रसवंती आणि आकाशपाळणा बंद करवला, वरच्या पाळण्यात चौघं असताना. मी गायलो. आवाज असा स्वच्छ, की मला माझ्या चुकाही ऐकू आल्या.

चाचा घामाघूम होऊन चाचींपुढं उभे राहिले. "आता?"

चाची कान देऊन बसल्या. "गानं बेस हाये. पन भुंगा तं हायेच."

चाचांनी माईक बंद केला. "आता?" "हाये." मशीन बंद. "हाये ना जी." शेवटी जनरेटरच थांबवला. अख्खी मंडई गप्प, वरच्या पाळण्यातले चौघंसुद्धा. "आता सांग, मुन्नीची माय."

चाचींनी डबा हळूच मिटला. "वाजूनच राह्यला," त्या म्हणाल्या, आणि मग त्यांनी आपल्याच कानावर हात ठेवला.

डॉक्टर म्हणाला, भुंगा कानातच आहे, निघायचा नाही. चाचांनी त्यालाही विचारलं, "डाक्टर साहेब, इथी तिसरी तार नाई का जोडता येत?" डॉक्टर हसला. चाचा हसले नाहीत.

आता बिनतारी माईक आलेत, चाचांचं गिऱ्हाईक रोडावलंय. तरी संध्याकाळी मी गेलो की ते कुठलीतरी वायर डाग देऊन जोडताना दिसतात. कसली म्हणून मी विचारत नाही. तिचं दुसरं टोक कशालाच लागलेलं नसतं. डाग थंड झाला की ते पडद्याकडं तोंड करून विचारतात, "आता?"

आतून पानाचा डबा मिटल्याचा आवाज येतो. मग चाची म्हणतात, "हो जी. आज जरासा कमी हाये."