हळद धुऊनही राहिलेला पिवळेपणा

कुरुंद्यात हळद शिजायला लागली की अख्खं गाव पिवळं होतं. हात, पदर, कुत्र्यांच्या शेपट्या, उपकेंद्राचं रजिस्टरसुद्धा. बावीस वर्षं तिथं नर्स असलेल्या विजयाताई या रंगाला पार विटल्या होत्या. त्या मंगळवारी घरभेटींतलं अकरावं घर पार्वतीबाईंचं होतं. त्यांची सून राजनंदिनी तीन दिवसांची बाळंतीण. बाळ झोपलेलं, अंग पिवळंधमक.

"हळद-तेल चोळून राहिले नं मी रोज," पार्वतीबाई कौतुकानं म्हणाल्या.

बाळाची पापणी उचलून डोळा पाहायचा, हा विजयाताईंचा नेम. पण पाय भरून आले होते. झोपलेल्या लेकराला कोण उठवणार? "हळदच आहे," म्हणाल्या आणि बाराव्या घराकडे निघाल्या.

बुधवारी सकाळी राजनंदिनीचा फोन आला, बाळ दूध ओढत नाही. विजयाताईंनी धावत जाऊन बाळाला कोमट पाण्यानं धुतलं. पाणी पिवळं झालं, पण बाळही पिवळंच राहिलं. डोळेसुद्धा.

शहरातल्या दवाखान्यात बाळाला निळ्या दिव्याखाली ठेवलं. डॉक्टर म्हणाले, "कावीळ आहे. जुनं रक्त मोडतं तेव्हा त्यातला लाल रंग एक एंझाइम फोडतं. त्यातून हा पिवळा रंग होतो. कोवळ्या यकृताला तो झटपट बाहेर टाकता येत नाही. फार साठला तर मेंदूत शिरतो, कान जातात."

"मंग त्या एंझाइमलाच आवरायची गोळी न्हाई का?" पार्वतीबाईंनी विचारलं.

"तसं औषध शोधलंय, पण अजून चाचण्यांतच अडकलंय. तोवर हा दिवाच. कालच आणायला हवं होतं, आजी. ऐकू येतं का ते पुढं तपासू."

बाहेर बाकावर पार्वतीबाई आपल्या पिवळ्या हातांकडे बघत बसल्या. "म्याच हळद लावली. म्याच घात केला लेकराचा."

गप्प बसणं सोपं होतं. कुणाला कळलंही नसतं. विजयाताईंना स्वतःची लाज वाटली.

"मावशी, हळदीनं कावीळ होत नाही. डोळा उघडून बघायचं काम माझं होतं. काल मी कंटाळा केला."

पार्वतीबाईंनी पिवळे हात पदराला पुसले. मग म्हणाल्या, "तुमी तरी किती घरं हिंडसाल, बाई."

त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं विजयाताईंना वाटलं.