मुकुट आहे म्हणून राजाची नव्हे

जर्मन लोकांनी आपल्या शिकारी बंदुकांवर मुकुटाचे शिक्के मारले नसते, तर माझं डोकं आज ठिकाणावर असतं. शारजाच्या रोल्ला भागात माझ्या मामूंचं जुन्या वस्तूंचं दुकान आहे. मामू रत्नागिरीचे. गिऱ्हाईक दारात दिसलं की त्यांची गोष्ट तयार! जुन्या हत्यारांवरचे शिक्के वाचून माहिती लिहिण्याचं काम माझं. मी लिहायचं आणि मामूंनी त्यावर पाणी फिरवायचं, असं आमचं चालतं.

त्या दिवशी एक वयस्कर अरब गृहस्थ वडिलांची बंदूक घेऊन आले. तीन नळ्यांची: वर दोन छर्ऱ्यांच्या, खाली एक गोळीची. जर्मन भाषेत हिला ‘ड्रिलिंग’ म्हणतात, म्हणजे तिळी भावंडं. मामूंनी पावतीवर ‘ड्रिल मशीन’ लिहिलं होतं, ते मी आधी खोडलं. सोबत त्यांचा मुलगा होता. शनिवारी शूटिंग रेंजवर आजोबांची बंदूक चालवायचीच म्हणून तो नव्या काडतुसांचा डबाही घेऊन आला होता. बंदूक चालवण्याजोगी आहे, एवढं त्यांना दुकानाकडून लिहून हवं होतं.

मी नळ्या उतरवून खालची बाजू पाहिली. मुकुटाखाली यू, मुकुटाखाली एस, मुकुटाखाली डब्ल्यू.

“अर्बाब, ये तो किंग का गन है!” मामू माझ्या खांद्यावरून डोकावत म्हणाले; अरब गिऱ्हाईक म्हणजे त्यांचा अर्बाब, मालक. “ये देखो किंग का नाम. आपके फादर को गिफ्ट दिया होगा.”

म्हाताऱ्यांचा चेहरा उजळला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“मामू, कसला किंग? तो मुकुट म्हणजे आपल्या कुकरवरचा आयएसआयचा शिक्का!”

मग मी सगळ्यांना हिंदीत समजावलं. यू म्हणजे तपासलेली, एस म्हणजे छर्ऱ्यांची, डब्ल्यू म्हणजे तोंडाशी आवळलेली नळी. सरकारी चाचणीघरात मुद्दाम जास्त दारू भरून बार काढत आणि नळी टिकली तरच शिक्का मारत. पण ही चाचणी काळ्या दारूची. नव्या जोरकस दारूची चाचणी वेगळी, आणि तिचा शिक्का मुकुटाखाली एन. हिच्यावर एन कुठेच नव्हता, आणि मुलाच्या डब्यातली काडतुसं त्याच नव्या दारूची.

“एका अक्षराने काय बिघडतं गं?” मामू मराठीत कुजबुजले. “लोखंड बघ केवढं जाड आहे. गुड कंडिशन लिही आणि मोकळी हो. यल्ला, आटप!”

“इट्स जस्ट वन शॉट, सिस्टर,” मुलगा म्हणाला.

गाढवापुढे वाचली गीता! फुटायला एकच बार पुरतो, हे या शहाण्यांना कोण सांगणार? चिडून मी नळ्या परत बसवायला घेतल्या आणि थांबले. उजव्या नळीच्या मागच्या टोकाशी, जिथे काडतूस बसतं, तिथे बारीक खड्डे होते. बाजूचं लोखंड भाजल्यासारखं काळवंडलं होतं आणि वरून कुणीतरी घासून चकचकीत केलं होतं.

“अर्बाब, इसमें किसी ने पहले नया कार्टरिज चलाया है,” मी म्हणाले. “आग पीछे आई है. सीधा मुँह पे.”

म्हातारे त्या काळ्या डागावर वाकले. “एन किधर होना था?” त्यांनी विचारलं. मी जागा दाखवली. त्यांनी तिथे बोट ठेवलं.

“मेरे फादर का राइट आँख नहीं था,” ते म्हणाले. “बोलता था, शिकार का बाज ने चोंच मारा.”

मामूंनी हळूच पावती मागे ओढली. मुलगा काहीतरी बोलायला गेला, तर म्हातारे त्याच्याकडे न बघताच “खलास” म्हणाले. त्याने डबा पिशवीत टाकला.

“हम भाई लोग को कभी हाथ नहीं लगाने दिया,” म्हाताऱ्यांचं बोट अजून त्या कोऱ्या जागेवरच होतं. “मैं पूरा लाइफ सोचा, उसको गन हमसे ज्यादा प्यारा है.”