अडीच वाजेपर्यंतचं श्रीखंड

अन्याय झाला तो आमच्या काकूंवर. मार्चमधल्या एका शुक्रवारी, दुपारी अडीच वाजता, लंडनच्या पार्लमेंटमध्ये. काकू तेव्हा तिथे नव्हत्या. तिथून तासाभराच्या ट्रेनवर, आमच्या गावातल्या कम्युनिटी हॉलच्या किचनमध्ये, त्या श्रीखंडाचं पातेलं खरवडत होत्या.

गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. ब्रॅकनेलच्या कंप्युटर कंपन्यांत नोकरीला जाणाऱ्यांचं एक गाव समजा. काका तिथल्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये होते. काकू बारा वर्षं प्रायमरी स्कूलमध्ये डिनर लेडी होत्या, म्हणजे दुपारी पोरांना जेवण वाढायचं काम. बटाट्याचा लगदा वाढतानासुद्धा हात सढळ. ‘अजून एक चमचा, डार्लिंग?’ हे त्यांचं इंग्लिश, आणि ‘अजून थोडं, अगं घे गं’ हे मराठी. दोन्हींना नाही म्हणायची सोय नव्हती.

त्यांचं आणखी एक ठरलेलं वाक्य मतदानाच्या दिवशीचं: ‘मत जाऊन द्यायचं.’

काकूंनी इंडियन पासपोर्ट कधीच बदलला नाही. तरी कॉमनवेल्थच्या नियमामुळे त्यांना इथे मत होतं. आपल्यातल्या कितीतरी लोकांना हे माहीतच नसतं, आणि माहीत असलं तरी त्या दिवशी त्यांना शॉपिंग असतं. काकू मात्र ठेवणीतली जांभळी साडी नेसून, डब्यात बेसनाचे लाडू घेऊन सकाळी सकाळी मतदान केंद्रात हजर. केंद्र म्हणजे तीच शाळा. एका वर्षी तिथल्या नव्या अधिकाऱ्याने डबा बघून हात मागे घेतले. बिचाऱ्याला वाटलं, लाच. काकूंनी त्याच्यासमोर अर्धा लाडू स्वतः खाल्ला आणि म्हणाल्या, ‘सी? नो पार्टी. ओन्ली बेसन.’

मग संधिवात आला, काका गेले, व्हीलचेअर आली. आणि ज्या तीन पायऱ्या त्या बारा वर्षं रोज चढल्या होत्या, त्या आडव्या आल्या.

मतदान केंद्रात सगळ्यांना जाता यावं, असं कायद्यात होतं. फक्त ‘शक्य असेल तिथे’. आमच्याकडे ते कधी शक्य झालं नाही. पहिल्या वर्षी दारात उभ्या असलेल्या दोन पक्षांच्या कार्यकर्त्यांनी, एक लाल फुलाचा बिल्ला लावलेला नि एक निळ्या, खुर्चीसकट काकूंना उचलून आत नेलं. वर पोचल्यावर काकूंनी पदर सारखा केला, दोघांना एकेक लाडू दिला. घराच्या दारात मला म्हणाल्या, ‘सामान उचलतात तसं उचललं गं. साडी गुडघ्यापर्यंत वर गेली होती. माझ्या पोरांच्या शाळेत.’

मी तेव्हा बावीसची. केंब्रिजहून डिग्री आणि भरपूर राग घेऊन परतलेली. म्हटलं, ‘काकू, पोस्टाने मत देता येतं. डॉक्टरची सही लागते फक्त.’

‘पोस्टाने राखी पाठवतात.’

मग मी पत्रकं छापली. ‘शक्य असेल तिथे’ हे शब्द काढून टाकणारं बिल एका खासदाराने आणलं होतं. अशी खासगी बिलं शुक्रवारी येतात, कारण शुक्रवारी बाकीचे खासदार आपापल्या गावी पळालेले असतात. नियम असा की अडीच वाजता कुणी बोलत असेल, तर बिल तिथेच मेलं. मग विरोध करायची गरजच काय? उभं राहायचं आणि बोलत राहायचं. त्याला थांबवायचं तर शंभर खासदारांनी आत येऊन ‘पुरे’ म्हणून मत द्यावं लागतं. आमचा खासदार आमच्या बाजूचा होता. येतो म्हणाला होता.

आता माझी चूक सांगते. त्या वर्षी गुढीपाडवा शुक्रवारी आला. आमचं मराठी मंडळ सगळे सण शनिवार-रविवारी सरकवतं, पण काकू ऐकेनात. ‘पाडवा म्हणजे काय बँक हॉलिडे आहे, सोयीने ढकलायला? पाडवा पाडव्यालाच.’ प्रमुख पाहुणा म्हणून खासदाराला बोलवायचं पत्र मीच टाइप केलं होतं, डिसेंबरात, बिलाची तारीख ठरायच्या आधी. तारीख ठरल्यावर मी मोठी शहाणी, कार्यक्रमपत्रिकेवर ठळक अक्षरात छापलं: ‘पाहुण्यांची परतीची ट्रेन १२.१०’. काम झालं असं समजून मी सकाळीच लंडन गाठलं.

वर प्रेक्षकांच्या गॅलरीत बसून मी जे ऐकलं ते तुम्हीही एकदा ऐकायला हवं. एक गृहस्थ दीड तास पायऱ्यांवर बोलले. जुन्या शाळांच्या दगडाचा रंग, उताराचा कोन, दाराची रुंदी. मध्येच म्हणाले, या बिलामागच्या भावनेबद्दल आपल्याला नितांत आदर आहे. मागून त्यांच्या पक्षाचे लोक माना डोलवत होते. समोरचे ओरडत होते, ‘शेम!’ आणि ओरडण्यात आणखी पाच मिनिटं जात होती. गॅलरीत आवाज करायची परवानगी नसते. मी ओठ चावत दाराकडे बघत होते. आमचा माणूस येईना. दोन वाजून गेल्यावर ‘पुरे’वर मत घेतलं. शंभरला चार कमी. ते गृहस्थ पुन्हा उभे राहिले, दाराच्या रुंदीवरून पुढे सुरू झाले, आणि अडीच वाजले.

संध्याकाळी मी रागाने काकूंकडे गेले. त्यांनी फ्रिजमधून माझ्यासाठी झाकून ठेवलेली वाटी काढली. खुशीत होत्या.

‘तुझा साहेब काय जेवला गं! सारखा घड्याळ बघत होता. मी म्हटलं, सणाच्या दिवशी उपाशी जायचं नाही आमच्याकडून. दोन वेळा उठला, दोन वेळा बसवला. तिसरी वाटी पण घेतली.’

‘काकू, किती वाजता निघाला तो?’

‘दीड झाला असेल. का गं?’

सांगू नये, हे कळण्याइतकी अक्कल मला नव्हती. मी सगळं सांगितलं. शंभर, चार कमी, अडीच. वर हेही म्हटलं, ‘तुमच्या मतासाठीच चाललं होतं ना हे सगळं? आणि तुम्हीच त्याला बसवून ठेवलंत!’

काकूंनी हातातला चमचा ओट्यावर ठेवला. आखडलेली बोटं पदराला पुसली. मग म्हणाल्या, ‘म्हणजे त्या बोलणाऱ्याने तिकडे बोलून वेळ काढला, आणि मी इकडे वाढून.’

मला रडू आलं. त्यांना नाही.

‘चार कमी म्हणालीस ना? मग उरलेले तिघं कुणाकडे जेवत होते, ते शोध.’ आणि वाटी माझ्याकडे सरकवली. ‘घे. तुझ्यावर राग नाही. श्रीखंडावर तू काढू नकोस.’

मेमध्ये कौन्सिलची निवडणूक आली. काकू जांभळी साडी नेसल्या, डबा घेतला. शाळेच्या दारात लाल नि निळे दोघंही धावत आले. काकूंनी हात वर केला. ‘नो लिफ्टिंग, थँक यू.’ केंद्राचा अधिकारी बाहेर आला. मतपत्रिका दाराबाहेर आणायची परवानगी त्याला नव्हती. त्याने खरोखर वाईट वाटून सॉरी म्हटलं. काकूंनी त्याला लाडू दिला.

मग मला म्हणाल्या, ‘ब्रेक लाव.’

पायऱ्यांच्या अगदी बाजूला, वाट न अडवता, त्या बसल्या. येणाऱ्या प्रत्येकाला सांगायच्या: ‘गुड मॉर्निंग. थ्री स्टेप्स. माइंड.’ एवढंच. काही जण हसायचे, काही ओशाळायचे. शाळेत त्यांच्या हातचं जेवलेला एक उंच पोरगा, आता बाप झालेला, पायरीवर थबकला. ‘तुम्ही आत नाही येणार, मिस?’ काकू म्हणाल्या, ‘नॉट टुडे, डार्लिंग. यू गो.’ तो गेला, पण वळून वळून बघत गेला. संध्याकाळी पाचला मी ब्रेक काढला. त्या वर्षी काकूंनी मत दिलं नाही. पुढेही नाही. पण प्रत्येक निवडणुकीला त्या तिथे बसल्या.

आणि मंडळाच्या मीटिंगमध्ये त्यांनी स्वतः ठराव मांडला: खासदाराला बोलवायचं तर रविवारी. कुणीतरी विचारलं, ‘अहो काकू, पाडवा पाडव्यालाच ना?’ त्या म्हणाल्या, ‘पाडवा पाडव्यालाच. खासदार रविवारी.’

सत्त्याण्णवच्या मे महिन्यात सरकार बदललं, ते तुम्हाला आठवत असेल. काकू त्याआधीच्या थंडीत गेल्या. त्यांचं मतदानाचं कार्ड तरीही आलं, त्यांच्या नावाने, केंद्र तीच शाळा. ते पर्समध्ये ठेवून मी मत द्यायला गेले. पायऱ्या तीनच होत्या. बाजूला कुणी नव्हतं. पाय उचलताना मी थांबले, कुणीतरी ‘माइंड’ म्हणेल म्हणून. मागच्या माणसाने विचारलं, ‘यू ऑल राइट, लव्ह?’

मी ऑल राइट नव्हते.

आता तुमचं काम सांगते. तुमच्या मतदान केंद्राच्या पायऱ्या मोजा. आकडा तुमच्या खासदाराला लिहून कळवा, आणि अशा बिलाच्या शुक्रवारी अडीच वाजता तो कुठे होता ते विचारा. उत्तर येईपर्यंत पुन्हा पुन्हा विचारा. आणि शुक्रवारी त्याला जेवायला बोलावू नका.