मी पाहून नाही राहिलो

"टाका बिनधास्त. मी पाहून नाही राहिलो."

असं म्हणून चाचा काउंटरमागे पूर्ण वळायचे आणि भिंतीवरच्या कापसाच्या जिनिंग मिलच्या कॅलेंडरकडे तोंड करून उभे राहायचे. आपण आपला पासवर्ड टाकायचा, "झालं" म्हणायचं, मगच ते वळणार. एखाद्या म्हाताऱ्याला अक्षर सापडायला पाच मिनिटं लागली, तर पाच मिनिटं कॅलेंडर. अकोटला बस स्टँडमागे त्यांचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. फोन हाती आला की आतले फोटो चाळणारे दुकानदार तुम्हीही पाहिले असतील. चाचा त्यातले नव्हते. "दुसऱ्याचा फोन म्हंजे अमानत," म्हणायचे.

मी तिथे झेडपीच्या शाळेत मास्तर. शाळा सुटली की त्यांच्या बाकावर जाऊन बसायचो. चहा त्यांचाच.

नवा फोन घेतला की त्यावर सोशल मीडियाचं खातंही चाचांनीच उघडून द्यायचं, अशी गावाची रीत पडली होती. त्यासाठी कंपनी नंबरवर कोड पाठवते. आमच्याकडे नंबर कुठे टिकतात? स्वस्त सिम मिळालं की जुनं फेकलं. म्हणून चाचांनी दुकानातच चार-पाच सिम ठेवलेली, सगळी स्वतःच्या नावावर. कोड त्यावर यायचा, ते वाचून दाखवायचे आणि भिंतीकडे वळायचे. नाव काय टाकलं, पासवर्ड काय, त्यांना पत्ता नसे. शंभर लोकांची खाती, आणि कंपनीच्या दप्तरी सगळीकडे एकच माणूस.

एकदा अंगणवाडीतली एक बाई रडत आली. कोणीतरी तिचा फोटो लावून भलतंच खातं उघडलं होतं. चाचांनी तिच्याच फोनवरून कंपनीला तक्रार केली. रोज करायचे. महिन्याने उत्तर आलं, हे आमच्या नियमांत बसतं. चाचांनी ते दोनदा वाचलं आणि फोन तिला परत दिला. पैसे घेतले नाहीत.

मग बोंडअळीचं ते वर्ष आलं. आमच्याकडचे पंचनामे बांधावर न जाताच झाले. माझ्या भावाचं नाव भरपाईच्या यादीत नव्हतं, त्याच्या कपाशीच्या पराटीत मात्र अळीशिवाय काही नव्हतं. माझं डोकं फिरलं. पण सरकारी नोकर, नावानिशी लिहितो कसा? चाचांना म्हटलं, "एक खातं काढून द्या, कोड तुमच्या नंबरवर घ्या." त्यांनी काहून म्हणून विचारलं नाही. कोड वाचला, वळले. मी खोटं नाव टाकलं आणि त्या नावाने पंचनामेवाल्या साहेबांची यथेच्छ धुलाई केली. ती हजारो लोकांनी पुढे पाठवली. आठ दिवस मी मनातल्या मनात मिशीला पीळ देत होतो.

सरकारचं एक पत्र गेलं आणि कंपनीने मुकाट नंबर काढून दिला.

जिल्ह्याहून दोघे पोलीस आले तेव्हा मी बाकावरच होतो. त्यांनी विचारलं, "हे खातं कोणाचं?"

"मले नाही मालूम, साहेब. लोक टाकतात तवा मी तिकडं पाहत असतो. कॅलेंडरले विचारा."

त्यांना ती थट्टा वाटली. दुकानातली सगळी सिम आणि फोन घेऊन गेले. ते गेल्यावर चाचा म्हणाले, "बाई रडली तं कंपनीले ऐकू नाही आलं. सरकार खोकललं का लगेच ऐकू आलं." मी कप धरून बसून होतो. लाज वाटायला हवी होती. काहीच वाटलं नाही. आजही त्या दिवसाचं आठवतं ते एवढंच, की चहावर साय आली होती.

चाचा सहा महिने अकोल्याला चकरा मारत राहिले. नाव सांगा, सुटाल, एवढंच त्यांना सांगितलं जाई. गावात भलतंच पसरलं, की चाचांकडे सगळ्यांचे पासवर्ड लिहिलेले आहेत. बायांनी येणं बंद केलं. मग पुरुषांनी. ज्यांना पाच-पाच मिनिटं थांबून खाती काढून दिली, ते समोरच्या दुकानात जाऊ लागले. मी शाळेतून सरळ घरी जायला लागलो.

दुकान आवरून ते बाळापूरला भावाकडे निघाले, त्या दुपारी मात्र मी गेलो. टेम्पोत काउंटर चढवलं होतं. मी फोन काढला, ते खातं उघडलं आणि त्यांच्यापुढे धरलं.

"चाचा, हे जे खातं आहे ना..."

ते वळले. "मी पाहून नाही राहिलो, सर. ठेवा ते खिशात. तुमची नोकरी हाय."

कॅलेंडर काढून झालं होतं. मी पायरी उतरेपर्यंत ते नुसत्या भिंतीकडे तोंड करून उभे होते.