प्रभुभोजनाची भाकर आमच्या घरची

त्या वर्षी मी प्रार्थना करणं सोडलं होतं. दर रविवारी चर्चमध्ये जात होतो, शेवटच्या सतरंजीवर बसत होतो, गाणीही म्हणत होतो. पण डोळे मिटल्यावर सांगायला काही उरलं नव्हतं. मी सोलापूरच्या एका दैनिकाचा बातमीदार होतो. काय घडलं, कुठं, केव्हा, एवढं लिहून पाकीट मोटारीच्या ड्रायव्हरकडे द्यायचं, हे माझं काम. हेही त्याच पद्धतीने लिहितो आहे. त्यातलं जे मला कळलं नाही, ते कळल्यासारखं लिहिणार नाही.

आमचं गाव उस्मानाबादहून येरमाळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर होतं. निजामी जाऊन आठ-नऊ वर्षं झाली होती. चर्चच्या मागच्या दोन खोल्यांत मी आणि शाळेतले शामुवेल मास्तर सहा वर्षं एकत्र राहत होतो. आमचं एकमेकांवर प्रेम होतं, नवरा-बायकोचं असतं तसं. त्याला त्या काळी आमच्या भाषेत सरळ शब्द नव्हता. जे होते त्या शिव्या होत्या. चर्चच्या मंडळीने फार दिवस विचारलं नाही आणि आम्ही सांगितलं नाही. मग नगरहून शामुवेलला एक स्थळ आलं. त्याने नकार दिला. मंडळीच्या पंचांनी कारण विचारलं, आणि शामुवेलने खरं ते सांगितलं. खोटं बोलणं त्याला कधी जमलं नाही.

पंचांपैकी याकोबदादा सर्वांत वडील. ते म्हणाले, "मास्तर, आमी तुमच्या वाईटावर न्हाय. पण गावात तोंड दाखवायला जागा तरी ठिवा." ठराव वहीत लिहिला गेला: मी दुसरीकडे राहायला जाईपर्यंत आणि शामुवेलचं लग्न होईपर्यंत दोघांना प्रभुभोजन बंद. येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून सगळी मंडळी मेजाशी जाऊन भाकर आणि प्याला घेते, ते हे भोजन. ठरावाखाली चर्चच्या पाळकसाहेबांची सही होती. सही करताना त्यांनी आमच्याकडे पाहिलं नाही.

मला राग आला. शामुवेलला आला नाही, आणि तेच कठीण होतं. त्याने तो निकाल देवाचा म्हणून घेतला. भोजनाला मंडळी पुढे जाई तेव्हा तो गुडघ्यांवरच्या आपल्या हातांकडे पाहत बसे. मग एक दिवस म्हणाला, "नाताळ झाला की नगरला भावाकडे जातो. ते म्हणतील तिथं लग्न करतो. त्या मेजाशिवाय मला जगता येत नाही." त्याने पेटी भरायला घेतली. त्याला थांब म्हणायचा हक्क मला आहे की नाही, हे मला ठरवता येईना. मी थांब म्हटलं नाही.

आमच्या चर्चमध्ये प्रभुभोजन तीन महिन्यांनी एकदा होई. परदेशी मिशनरी होते तोवर सोलापूरहून पाव येत असे. ते गेल्यावर ज्वारीची भाकर आली, आणि प्याल्यात भिजवलेल्या काळ्या मनुकांचं पाणी. भाकर दर खेपेला एका घरची असे. कुणाची खेप, हे फक्त मार्थामावशींना ठाऊक. त्या आमच्या बायबलबाई. घरोघर जाऊन बायकांना शास्त्र वाचून दाखवत, आणि भाकरीच्या घरांचा क्रम तोंडी सांभाळत. तो बायकांचा विषय होता. पंच त्यात कधी पडले नाहीत. त्यामुळे ठराव करताना मेजावर कुणी यायचं नाही एवढंच त्यांनी लिहिलं. भाकर कुणी करायची, हे लिहायचं त्यांच्या डोक्यातही आलं नाही.

डिसेंबरातल्या एका शनिवारी दुपारी मार्थामावशी पांढरं फडकं घेऊन दारात आल्या.

"उद्याची भाकर तुमच्या घरची."

मी म्हणालो, "मावशी, आमचं भोजन बंद केलंय. तुम्हाला ठाऊक न्हाय का?"

"खायचं बंद केलंय. करायचं कुणी बंद केलं? मला तर कुणी सांगितलं न्हाय."

"पंचांनी विचारलं तर?"

"इचारतंय कोन. इतकी वर्सं झाली, भाकर कुठनं येती हे एकानं इचारलं न्हाय. त्येंला वाटतं, आभाळातनंच पडती."

शामुवेल मागे उभा होता. "मावशी, माझ्या हातची कशी चालेल?"

"हात धू आन् कर. लई बोलतोस लेकरा तू," म्हणून त्या फडकं ठेवून गेल्या.

रविवारी उजाडताना ज्वारीच्या शिवारावर धुकं उतरलं होतं. रस्ता दिसत नव्हता. बैलांच्या घुंगरांचा आवाज कुठूनसा येई आणि कुठंसा जाई. घरात चुलीचा धूर आणि बाहेरचं धुकं उंबऱ्यावर एकमेकांत मिसळत होते. मी भिंतीला टेकून अर्धवट झोपेत बसलो होतो, आणि शामुवेल भाकर थापत होता. पहिली काठाला चिरली. दुसरी तव्यावर टाकतानाच तुटली. तिसरी त्याने थापली नाही. पिठाचे हात तसेच मांडीवर ठेवून म्हणाला, "बघितलंस. देवाला नको आहे."

त्याच वेळी दारात धुक्यातून एक आराधी आले. अंगावर लुगडं, गळ्यात कवड्यांची माळ, हातात परडी, आणि गालांवर दाढीची निळसर छाया. देवीला वाहिलेला पुरुष असा राहतो, हे आमच्या भागात सगळ्यांना माहीत होतं. त्यांची चेष्टा करणारे होते, आणि पाया पडणारेही बहुतेक तेच. ते येरमाळ्याला येडाई देवीकडे निघाले होते. त्यांनी पाणी मागितलं. मी तांब्या दिला. पाणी पिता पिता त्यांची नजर तुटलेल्या भाकरीवर गेली.

"पीठ जुनं हाय. पानी उकळून वत, मग धरतंय. दोघंच ऱ्हाता व्हय?"

"हो," मी म्हणालो.

"त्येला भाकर येती. तुला काय येतं?"

"मी पेपरात बातम्या लिहितो."

"म्हंजी काय येत न्हाय." ते हसले. मग शामुवेलला म्हणाले, "कुनासाठी चाललंय एवढं?"

"देवासाठी."

"मग भितुयास कशाला? त्यो काय तुला आज पयल्यांदा बघतोय?"

तांब्या उंबऱ्यावर ठेवून ते गेले. पाच-सात पावलांवर धुक्याने त्यांना झाकलं. त्यांचं नाव मी विचारलं नाही. शामुवेलने पाणी उकळलं. पुढची भाकर तव्यावर गेली, उलटली आणि काठापासून काठापर्यंत फुगली. मी पाहिलं ते एवढंच. उकळत्या पाण्याने जुनं पीठ धरतं, हे कुठल्याही घरातली बाई सांगेल.

चर्चमध्ये पाळकसाहेबांनी ती भाकर मोडली. मंडळी ओळीने पुढे गेली, याकोबदादा सर्वांत आधी. आम्ही शेवटच्या सतरंजीवर बसून होतो. सगळ्यांच्या ओठांशी आमच्या घरची भाकर जाताना मला दिसत होती, आणि ते दूरवरच्या दुसऱ्या गावात चाललं आहे असं वाटत होतं.

आमच्याकडे आणखी एक रीत होती. उरलेली भाकर टाकायची नाही. ज्या घरची ती, त्या घरी पाळकसाहेबांनी स्वतः न्यायची, प्रार्थना करायची आणि घरच्यांबरोबर संपवायची. मार्थामावशी पुढे चालत आणि पाळकसाहेब फडक्यातली भाकर घेऊन मागे. त्या दिवशी मावशी चर्चला वळसा घालून आमच्या दारात थांबल्या. घर कुणाचं ते पाळकसाहेबांना तिथं कळलं. ते बराच वेळ अंगणात उभे राहिले. परत फिरले असते तरी मला नवल वाटलं नसतं. मार्थामावशी शेजारच्या शेळीला हाकलत राहिल्या.

"आत या साहेब," शामुवेल म्हणाला.

ते आत आले, बाजेवर बसले; मागोमाग मावशीही आल्या. फडकं उघडून त्यांनी उरलेल्या चतकोर भाकरीचे चार तुकडे केले. शामुवेलचा हात पुढे होईना. तेव्हा पाळकसाहेब हळू म्हणाले, "ठराव मेजावरच्याबद्दल आहे, मास्तर. उरलेल्याबद्दल काही ठरलेलं नाही." आणि त्यांनी तुकडा शामुवेलच्या तळहातावर ठेवला. मग माझ्या. आम्ही चौघांनी खाल्लं. ज्वारीला किंचित धुराचा वास होता. प्रार्थना त्यांनी केली ती नेहमीचीच, कुठलाही शब्द न बदलता.

त्या दुपारी शामुवेलने भावाला पत्र लिहिलं की मी येत नाही. मग पेटीतले कपडे काढून दोरीवर टाकले.

ठराव पुढे कुणी मागे घेतला नाही. हळूहळू त्याचं नाव कुणी काढेनासं झालं. दोन-तीन वर्षांनी एका भोजनाच्या रविवारी याकोबदादा मागे वळून म्हणाले, "मास्तर, तिकडं गारठा हाय. म्होरं या." आणि सतरंजीवर सरकून त्यांनी जागा केली. आम्ही दोघंही पुढे गेलो. काही घरं आमच्याशी अखेरपर्यंत बोलली नाहीत, हेही लिहायला हवं.

मार्थामावशींनी ते मुद्दाम केलं की क्रमच तसा आला, हे मला विचारता आलं असतं. विचारणं हा माझा धंदा होता. पण देवाकडे मी आयुष्यभर खुलासे मागत आलो होतो, आणि त्या सकाळी खुलासा आला नाही, भाकर आली. ती घ्यायला हात उघडा लागतो, एवढंच मी शिकलो. त्या रात्री निजताना मी बऱ्याच महिन्यांनी डोळे मिटले. मागितलं काही नाही. शेजारच्या खोलीत शामुवेल मुलांच्या वह्या तपासत होता. पानं उलटण्याचा आवाज येत होता. तो आवाज येतो आहे, याबद्दल आभार मानले आणि झोपलो.