डौवेनं सांगितलेलं वजन

“हजार पन्नास किलो! कॅरॅव्हॅनच्या पत्र्यावर ठोकलंय तसं. आंधळ्यालाबी वाचता येईल,” डौवे म्हणाला.

“आंधळ्यालाच येईल,” त्याची बायको हिंके म्हणाली. “डोळे असणाऱ्यानं आत डोकावलं असतं.”

दहाची कॉफी चालली होती. टेबलावर साखरेचा पाव कापून ठेवलेला, आणि पावाशेजारी वजनकाट्याची चिठ्ठी. चिठ्ठीवर आकडा तेराशे नव्वद. डौवेनं पाव घेतला, पण चिठ्ठीला हात लावला नाही.

पहाटेचं दूध काढून झालं, तशी हिंकेनं ट्रॅक्टरला कॅरॅव्हॅन जोडली आणि मक्याचं वजन करतात त्या भुईकाट्यावर नेऊन एकटीच उभी केली. आधी दोन दिवस खपून दरवर्षीसारखं सगळं भरलं होतं. तंबू, गॅसची टाकी, दोन सायकली, डौवेनं ओक लाकडाचं केलेलं कपाट आणि चाळीस किलो बटाटे. फ्रान्समधला बटाटा साबणासारखा लागतो, हे त्यांच्या फ्रीसलंडात शेंबडं पोरही सांगेल.

“बटाटं कशाला धरलंस वजनात?” डौवे म्हणाला. “ते काय सामान हाय? घरचं हाय ते.”

“घरचं हाय म्हणून उडत येणार का मागनं?”

सत्तर गाई आणि अडतीस वर्षांचा संसार. वर्षातून दोन आठवडे दूध काढायला दुसरा माणूस लावायचा आणि त्या चाकांवरच्या खोलीला घेऊन दक्षिणेला फ्रान्सात जायचं, एवढीच काय ती हिंकेची चैन. इतकी वर्षं स्टिअरिंग डौवेकडं आणि नकाशा हिच्याकडं. हिवाळ्यात एका गाईनं लाथ झाडली, डौवेचा गुडघा निकामी झाला. त्याच सुमाराला जुनी गाडीही भंगारात गेली. म्हणजे यंदा गाडी नवी आणि चालवणारीही नवी.

पण गाडी निवडली डौवेनं. गावातल्या सिपकेच्या गॅरेजात गेला, पत्र्यावरचा आकडा सांगितला, आणि एक चकचकीत लहानगी गाडी ठरवून आला. ती बाराशे किलो ओढते. हजार पन्नास सांगितलेल्या माणसाला बाराशे म्हणजे चिक्कार. तो आकडा रिकाम्या कॅरॅव्हॅनचा, हे त्यानं ध्यानातच घेतलं नाही. आणि ठरवून आला म्हणजे नुसता बोलून नव्हे. गुरांच्या बाजारात मारतात तसा हातावर हात मारून आला. एकदा टाळी वाजली की जनावर तुमचं, मग घरी नेल्यावर ते लंगडं निघो की वांझ. चाळीस वर्षांत डौवेनं एक टाळी मागं घेतली नव्हती. गाय नुसती बघून तिचं वजन दहा किलोच्या आत सांगणारा माणूस म्हणून त्याला चार गावं ओळखत.

“गाय विकताना तू तिला पाणी पाजून काट्यावर चढवतोस,” हिंके म्हणाली. “आन् गाडी घेताना कॅरॅव्हॅनचं वजन उपाशीपोटी सांगितलंस?”

डौवेनं पावाचा तुकडा कॉफीत बुडवला. मग म्हणाला, “हळू चालव. ओढंल.”

हिंकेला दक्षिणेच्या वाटेवरचा तो सपाट मुलूख आठवला. समुद्र हटवून काढलेली जमीन, झाड नाही की कुंपण नाही. चार वर्षांमागं तिथं आडवा वारा लागला आणि कॅरॅव्हॅन मागं शेपूट हलवायला लागली. एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं, आणि दर हेलकाव्याला पुढच्या गाडीला ओढत. जुनी गाडी जड होती म्हणून निभावलं. हलकी असती तर मागच्या धुडानंच पुढच्या गाडीला हाकलत चरात नेलं असतं.

सिपकेला फोन करणं तिला अवघड नव्हतं. पण बायकोनं नवऱ्याची टाळी मोडली, हे गावानं पुढची वीस वर्षं चघळलं असतं. तिनं कप विसळला.

“सिपकेला खरं वजन तू सांग. न्हाईतर यंदा कॅरॅव्हॅन गोठ्यामागंच राहू दे. मी त्या गाडीत बसणार न्हाई.”

आणि ती कुंपणाच्या तारा ओढायला निघून गेली.

जेवणं झाल्यावर डौवे कोट घालून दारात उभा. “सोडतीस का गॅरेजपातुर?”

ट्रॅक्टरवर शेजारच्या सीटवर तो अंग चोरून बसला. गॅरेजात उतरला, चिठ्ठी सिपकेच्या हातात दिली आणि म्हणाला, “मी वजन चुकीचं सांगितलं.”

सिपकेनं चिठ्ठी वाचली, मग डौवेकडं बघितलं. “मी इचारलं व्हतं, रिकामी का भरल्याली? तू म्हणलास, मला वजन शिकवतोस व्हय रं?”

“म्हणलो आसंल.”

“बटाटं किती?”

“चाळीस.”

“आमी पन्नास नेतो,” सिपके म्हणाला आणि हसायला लागला. डौवे हसला नाही. कानाच्या पाळ्या मात्र लाल झाल्या. “टाळी काय मोडायची न्हाई, डौवे. बदलूया. मागं एक लांबोडी डिझेल उभी हाय. शेणाच्या रंगाची, म्हणून कुणी नेत न्हाई. सोळाशे ओढती.”

डौवेनं हात पुढं केला. सिपकेनं आपला खिशातच ठेवला. “चालवणार कोण?”

दोघांनी हिंकेकडं बघितलं. तिनं उभ्या हयातीत टाळी मारली नव्हती. बाजारात बायका कॉफी देतात, टाळी पुरुष मारतात.

ती ट्रॅक्टरवरून उतरली. गाडीमागं वाकून तिनं कॅरॅव्हॅन अडकवायच्या आकड्याच्या गोळ्यावर गंज आहे का पाहिलं. आकड्याजवळच्या पत्र्यावर, कॅरॅव्हॅनच्या नाकाचा, म्हणजे पुढच्या टोकाचा भार किती सोसेल ते वाचलं. मग म्हणाली, “आधी कॅरॅव्हॅन जोडून बघू. भरल्याली. बंधाऱ्याच्या चढावर थांबवून परत उचलली, तर टाळी.”

“सपाटीला वाऱ्यानं शेपूट हलली तर?” डौवेनं विचारलं.

“बटाटं मागनं काढून मधी, चाकांच्या वर ठेवीन. मागं तूच ठेवत व्हतास.”

त्यांच्या मुलखात चढ म्हणजे समुद्राच्या बंधाऱ्यावर जाणारी एक वाट, बस. घरी जाऊन कॅरॅव्हॅन जोडून हिंकेनं गाडी तिथं मधोमध थांबवली, हँडब्रेक ओढला, सोडला, आणि क्लचवरून अलगद पाय उचलला. डिझेल एकदा खाकरलं. मग मागचं ते धूड, कपाटासकट, कुरकुर न करता वर आलं. वर वारा होता. डौवे मागं वळून कॅरॅव्हॅनकडं बघत बसला. हिंके समोर बघत होती.

गॅरेजात परत आल्यावर सिपकेनं हात पुढं केला आणि तिनं अशी टाळी मारली की बराच वेळ त्याचा तळवा हुळहुळत राहिला.

“वजन तुझ्यापेक्षा हिच्या हाताला जास्त हाय,” सिपके डौवेला म्हणाला.

“मला ठाव हाय,” डौवे म्हणाला.

घरी पोचेपर्यंत पाच वाजले. गाई फाटकाशी दाटीनं उभ्या राहून हंबरत होत्या. हिंकेनं बूट बदलले, फाटक उघडलं, आणि पहिल्या गाईची कास पुसायला बसली.